पाणी कुठून शिरलं

रोह्याच्या एका वाचनालयाच्या माडीवर दर रविवारी दुपारी चार-पाच जण फासे घेऊन बसायचे. जुगार नव्हे, गोष्टीचा खेळ. एकाने सूत्रधार व्हायचं आणि गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी एकेक पात्र व्हायचं. आपलं पात्र काय बोलेल, कुठे जाईल, ते ज्याचं त्याने ठरवायचं. काही अवघड करायचं असलं की फासा टाकायचा आणि फासा म्हणेल ते मानायचं. हा अड्डा हर्षदने उभा केला होता. हर्षद धाटावच्या एका केमिकल कंपनीत शिफ्ट इन्चार्ज. परदेशी खेळांची जाडजूड पुस्तकं त्याने घोटून पाठ केली होती, आणि नियमांच्या बाबतीत तो कंपनीतल्या सेफ्टी ऑफिसरपेक्षाही कडक होता.

प्रतिक्षा तिथे पेणहून यायची. पेणला एका छापखान्यात ती पत्रिका, बॅनर, बिलबुकं असलं सगळं कॉम्प्युटरवर जुळवायची. घर खारेपाटात, खाडीला लागून. रविवारी सकाळची कामं आटपून ती मेमू गाडीने रोह्याला यायची आणि संध्याकाळी परत जायची. दीड वर्षांत तिने एकही रविवार चुकवला नव्हता.

त्या रविवारी गोष्टीत एक किल्ला होता. किल्ल्याच्या तळघराला दार, दाराला कुलूप. निलेशने फासा टाकला, हरला. रोहिणीने टाकला, तीही हरली. प्रतिक्षाचाही एक आला. हर्षद म्हणाला, "दार उघडत नाय."

मग पाऊण तास सगळे त्या दारासमोर उभे. परत फासा, परत तेच. निलेश मोबाईल बघायला लागला.

"एक विचारू?" प्रतिक्षा म्हणाली. "फासा हरला म्हणून गोष्टीने का थांबायचं?"

"मग काय, हरला तरी दार उघडायचं?" हर्षद म्हणाला. "फाशाला किंमत नसेल तर तो टाकायचा कशाला? लहान पोरांसारखं आपलंच खरं करायचं असेल तर नुसत्या गप्पा मारू की."

"किंमत असू दे ना. पण 'काहीच झालं नाय' ही काय किंमत झाली? खऱ्या आयुष्यात माणूस हरला की काहीतरी होतं. काहीच होत नाय असं कधी होतं का?"

"नियम पुस्तकात लिहिलेला हाय."

"नियम माणसाने लिहिलाय, हर्षद."

हर्षदने पुस्तक मिटलं. चिडून नव्हे, पण तो बोलला ते तिला लागलं. "मग तू लिही. पुढच्या महिन्यात घेऊन ये. आपण खेळून बघू."

तिने लिहिलं. छापखाना सुटल्यावर अर्धा तास मागे थांबून, मालकाला विचारून, पत्रिकांच्या उरलेल्या कागदावर. राजे, किल्ले, राक्षस यातलं तिला काही सुचेना. सुचलं ते आपल्या गावाचं. समुद्राचं पाणी अडवायला शेताभोवती घातलेला मातीचा बांध आणि दर पुनवेला-अवसेला त्याला धडका देणारं उधाण. खेळणाऱ्यांनी गावकरी व्हायचं. प्रत्येकाकडे चार फासे. उधाण आलं की ज्याने त्याने आपले फासे मधल्या परातीत टाकायचे. एखाद्या फाशावर चार, पाच किंवा सहा पडले की बांधावर मातीची एक ढेप बसली. पुरेशा ढेपा बसल्या की बांध टिकला.

महिनाभराने तो खेळ माडीवर खेळून झाला. वीस मिनिटांत संपला. सगळ्यांनी सगळे फासे दिले, बांध टिकला. पुन्हा उधाण, पुन्हा सगळे फासे, पुन्हा टिकला. रोहिणी प्रतिक्षाची जवळची मैत्रीण, पण तिनेही एक जांभई हाताआड केली.

"चांगला हाय," निलेश म्हणाला. तो सगळ्यालाच चांगला म्हणायचा.

"नाय, चांगला नाय," हर्षद म्हणाला. "प्रतिक्षा, ह्यात मला ठरवायला काय दिलंस? सगळे फासे देणं हे एकच बरोबर उत्तर. जिथे एकच बरोबर उत्तर असतं त्याला खेळ म्हणत नाहीत, गणिताचा पेपर म्हणतात. तू मला उपदेश करतेस आणि हातात फासे देतेस."

प्रतिक्षाने कागद गोळा केले. परतीच्या गाडीत खिडकीशी बसून नागोठण्यापर्यंत ती मनातल्या मनात हर्षदशी भांडली. कासू स्टेशन आलं तेव्हा तिला कबूल करावं लागलं की तो बरोबर बोलत होता, आणि त्याचाच तिला जास्त राग आला.

घरी आई, बायजाबाई, शेजारच्या कृष्णाबाईबरोबर पडवीत वालाच्या शेंगा सोलत बसली होती. दोघींचं आयुष्य मिठागरात आणि भाताच्या शेतात गेलेलं. "का गो, तोंड असं का?" बायजाबाईने विचारलं. प्रतिक्षाने सांगायला सुरुवात केली, आणि सांगून समजेना तेव्हा शेंगा बाजूला सारून फासेच मांडले. दोघी बायका खेळल्या. दोघींनी सगळे फासे परातीत टाकले. बांध टिकला.

बायजाबाईने फासे हातात खुळखुळवले आणि परत ठेवले.

"तुज्या ह्या गावात सगली देवमानसंच ऱ्हातात काय गो?"

"म्हणजे?"

"म्हंजे बांदाला खांड पडली का सगली धावतात. बरा हाय. पन त्या येलेला घरी कोनाचा काय चालू नसतं? कोनाची म्हस व्यायला झालेली नसतं? कोनाचा मीठ उगडा नसतं?"

कृष्णाबाई हसली, मग हसायची थांबली. तिला पुढचं ठाऊक असावं.

"माज्या बापसाचा व्हता," बायजाबाई म्हणाली. "मी सात-आठ वरसांची असेन. बांदाला घरटी एक मानूस जायाचा, असा नेम. वैशाखातला उदान, वारा सुटलेला. हाळी आली, खांड पडतं हाय, चला. आनि बापसाची मिठाची सगली रास आगरात उगडी. तीन महिन्यांचा काम. बापूस दारात उबा ऱ्हायला. एकदा हिकडं बघी, एकदा तिकडं. मंग फावडा घेतला नि मिठाकडं गेला."

"बांध?"

"गेला. त्याज्याच वाटनीच्या तुकड्यातून पानी शिरला. ह्या किस्नीच्या बापसाच्या शेतात. तीन वरसां भात नाय झाला त्यांना."

कृष्णाबाई म्हणाली, "कोनी कायबी बोलला नाय गो त्याला. माजा बापूसबी नाय बोलला."

"तोच तर वांदा," बायजाबाई म्हणाली. "बोललं असतं तर बरा झाला असता. पुढं मरंपरेंत, हाळी आली का बांदावर पयला बापूस. ताप असला तरी पयला." तिने एक शेंग उचलली, सोलली. "त्याजा दोष नव्हता. आनि व्हताबी."

प्रतिक्षाने त्या दिवशी जेवायच्या आधीच वही काढली.

नव्या खेळात प्रत्येकाला सुरुवातीला एक चिठ्ठी उचलायची. चिठ्ठीवर त्याचं स्वतःचं काम: उघड्यावरची मिठाची रास, घरात भरून ठेवलेलं बियाणं, खाडीत बांधलेली होडी. उधाण आलं की किती फासे बांधाला द्यायचे आणि किती आपल्या कामाला ठेवायचे, ते दोन मुठींत झाकून ठरवायचं आणि मग सगळ्यांनी एकदम मुठी उघडायच्या. ठेवलेल्या फाशांत एकही चार किंवा वर पडला नाही, किंवा एकही ठेवलाच नाही, तर काम बुडालं आणि आपल्यातला एक फासा कायमचा गेला. म्हणजे आज सगळं देणारा उद्या दुबळा होणार. आणि बांध फुटला, तर खेळ संपायचा नाही. पुढच्या उधाणाला एक ढेप जास्त लागायची. आणि ज्याने सगळ्यांत कमी फासे दिले त्याने सांगायचं, पाणी कुठून शिरलं आणि कोणाच्या घरात गेलं. सूत्रधाराने त्याला शिक्षा करायची नाही, माफही करायचं नाही. नुसतं ऐकायचं.

हा शेवटचा नियम तिने सात वेळा खोडून सात वेळा लिहिला.

माडीवर या वेळी खेळ अडीच तास चालला. निलेशने मोबाईल काढला नाही. रोहिणीने होडी वाचवली आणि पाणी निलेशच्या गोठ्यात गेलं, असं सांगताना तिचा आवाज बारीक झाला. हर्षदने बांध राखायला सगळं दिलं, कफल्लक झाला, आणि शेवटी त्याच्याकडे एक फासा उरला तरी तो पुढे सरसावून बसला होता.

"हां," तो म्हणाला. "हा खेळ हाय."

प्रतिक्षाला हसू आवरेना. पण हर्षद तिथेच थांबणाऱ्यातला नव्हता.

"एक सांगू? राग मानू नको. अर्धा खेळ तुझ्या वहीत हाय आणि अर्धा तुझ्या तोंडात. आम्ही अडलो की तू सांगतेस. मला मोजून अकरा वेळा सांगितलंस. उद्या हा खेळ पनवेलला कोणी घेतला, तर वहीबरोबर तू जाणार हायस काय?"

"मग?"

"आमच्या कंपनीतल्या चार माणसांना देतो. आयुष्यात कधी असला खेळ न खेळलेल्या. तू समोर बसायचं, पण तोंड उघडायचं नाय. मानही हलवायची नाय. त्यांना जमला तर मी म्हणेन खेळ झाला."

रोहिणी म्हणाली, "हे जरा जास्त होतंय, हर्षद."

"नाय," प्रतिक्षा म्हणाली. "बरोबर हाय त्याचं."

पुढचे पाच आठवडे तिने नियम लिहिले नाहीत, नियमांतले शब्द कापले. आधी चौतीस पानं होती. पत्रिकेचा मजकूर जुळवताना तिला एक सवय लागली होती: नवरीचं नाव, नवऱ्याचं नाव, तिथी, जागा, एवढं एका नजरेत दिसलं पाहिजे. बाकीचं मागून. तसंच तिने केलं. उधाण आल्यावर काय करायचं ते एका पानावर, मोठ्या अक्षरांत, क्रमाने. जिथे कोणी अडेल असं वाटलं तिथे उदाहरण, आणि उदाहरणातली माणसं आपल्यासारखी बोलणारी. 'सहभागी खेळाडूने' असं जिथे जिथे होतं तिथे 'तू' केलं. शेवटी सोळा पानं उरली. छापखान्याच्या मालकांनी जाड कागद काढून दिला आणि पिना स्वतः मारल्या.

परीक्षेचा रविवार आला. धाटावला कामगारांच्या वसाहतीत एक छोटा हॉल होता, तिथे पहिली शिफ्ट सुटल्यावर साडेतीनला जमायचं ठरलं. चौघे आले. दिपिका, कंपनीच्या लॅबमध्ये काम करणारी, तिच्याकडे पुस्तक दिलं म्हणून तीच सूत्रधार झाली. बॉयलरवरचा काळुराम, पन्नाशीचा, मूळ पेणजवळच्या गडब गावचा, घरी भातशेती. आणि पॅकिंगमधले दोघे, जितेश आणि रितेश, एकाच गाडीवरून आलेले. काळुरामने आल्या आल्या सांगून टाकलं, "हर्षदसाहेब बोलले म्हनून आलो. पाचला मी निगनार."

प्रतिक्षा भिंतीशी खुर्चीवर बसली. हात मांडीखाली घेतले, कारण हातही बोलतात हे तिला माहीत होतं.

दिपिकाने पहिलं पान मोठ्याने वाचलं. दुसरं वाचलं. तिसऱ्यावर ती अडखळली. दिपिका मागे गेली, पुन्हा वाचलं, म्हणाली, "अच्छा. मूठ सगळ्यांनी एकदम उघडायची." चिठ्ठ्या उचलल्या. काळुरामला मिठाची रास आली, जितेशला बियाणं, रितेशला होडी.

पहिलं उधाण. तीन ढेपा हव्या होत्या. तिघांनी दोन-दोन फासे दिले आणि नेमक्या तीन बसल्या. जितेशचं अर्धं बियाणं मात्र भिजलं, त्याचा एक फासा गेला. इथे भांडण लागलं. गेलेला फासा परत कधी मिळणार, असं जितेशने विचारलं. रितेश म्हणाला, पुढच्या वेळी मिळेल. काळुराम म्हणाला, "गेला तो गेला." तिघांनी दिपिकाकडे बघितलं आणि दिपिकाने वळून प्रतिक्षाकडे.

प्रतिक्षाने नजर जमिनीवर ठेवली. हर्षद दाराशी उभा होता, त्याचं लक्ष तिच्याकडेच होतं. मग पान उलटल्याचा आवाज आला.

"सातव्या पानावर हाय," दिपिका म्हणाली. "'बुडालेल्या कामाचा फासा परत येत नाही. तुझ्या आजोबांनाही परत मिळाला नव्हता.'"

जितेश हसला. "बरं. आजोबांना नाय तर मला कुठनं."

दुसऱ्या उधाणाला चार ढेपा. मुठी उघडल्या. जितेशने दोन दिले होते, रितेशने तीन. काळुरामची परातीकडची मूठ रिकामी. चारही फासे त्याने मिठाला ठेवले होते.

"दादा, एकपन नाय?" रितेश म्हणाला.

"माजा मीठ हाय," काळुराम म्हणाला. "मी काय दानधर्माला बसलोय?"

पाच फासे पडले. तीन ढेपा बसल्या. एक ढेप कमी पडली आणि बांध फुटला. काळुरामची रास शाबूत, जितेशने उरलेलं बियाणं कसंबसं राखलं, रितेशची होडी वाहून गेली आणि तिच्याबरोबर त्याचा एक फासा. आता जितेशकडे तीन, रितेशकडे तीन. काळुरामकडे चारच्या चार.

दिपिकाने पुस्तकातलं वाचलं, "'सगळ्यांत कमी देणाऱ्याने सांग: पाणी कुठून शिरलं? कोणाच्या घरात गेलं?' काळुरामदादा, तुम्ही."

काळुरामने घड्याळात बघितलं. पाचला सात मिनिटं होती. प्रतिक्षाला वाटलं, आता हा उठणार. एवढं मन उघडायला सांगणारा नियम अनोळखी माणसाला कोण सांगतं, काढून टाकायला हवा होता, असं तिच्या मनात येऊन गेलं.

"सांगायचा म्हंजे काय," काळुराम म्हणाला. "शिरला कुठूनतरी."

पुस्तकात लिहिलं होतं, नुसतं ऐकायचं.

"माज्याच तुकड्यातून शिरला," तो म्हणाला. "मी तिथं नव्हतो, मंग दुसरा कुठनं शिरनार. ह्या जितेशच्या घरात गेला. पोरगा लहान हाय त्याचा. माळ्यावर चढवला त्याला. घरात ढोपरभर पानी, नि मी तिकडं मिठाच्या राशीवर पेंढा टाकतोय. मला त्याच्या बायकोचा आवाज ऐकू येतोय. ऐकू येतोय, पन मी पेंढा टाकतोय."

जितेशने हळूच विचारलं, "मग तुम्ही आलात नंतर?"

"सकाळी आलो. तू काय बोलला नाय मला."

"नाय बोललो," जितेश म्हणाला. आता तो जितेश राहिला नव्हता, त्या गावातला माणूस झाला होता. "चहा दिला."

काळुरामने मान खाली घातली. पाच वाजून गेले होते. त्याने घड्याळ काढून खिशात टाकलं.

तिसरं उधाण. पाच ढेपा लागायच्या, पण आधीच बांध फुटून खांड पडलेली, म्हणून सहा. तिघांचे मिळून फासे फक्त दहा. मुठी झाकल्या, उघडल्या. जितेशने तीनही दिले होते. रितेशने तीनही. काळुरामने चारच्या चार परातीत ठेवले होते, मिठासाठी एकही नाही.

"दादा, मीठ जाईल," दिपिका म्हणाली. सूत्रधाराने असं बोलायचं नव्हतं, पण बोलून गेली.

"जाऊ दे."

जितेशने फासे टाकले, दोन ढेपा. रितेशने टाकले, एकच. काळुरामच्या चारांत तीन पडायला हव्या होत्या. त्याने एकेक टाकला. पाच. जितेश खुर्चीवरून उठला. दोन. रितेशने डोकं धरलं. आता उरलेले दोन्ही लागायला हवे होते. चार. काळुरामने शेवटचा फासा मुठीत धरला, मुठीवर फुंकर घातली आणि परातीत सोडला. फासा कडेला लागून गरगरला, थांबला.

सहा.

जितेश आणि रितेश ओरडले तसे शेजारच्या खोल्यांतली माणसं दाराशी आली. काळुराम उभा राहिला. बॉयलरच्या उष्णतेने रापलेल्या त्या तोंडावर असं हसू होतं की हर्षदने त्याला कंपनीत बारा वर्षांत तसं हसताना बघितलं नव्हतं, हे हर्षदनेच नंतर सांगितलं. "मीठ गेला माजा," काळुराम सगळ्यांना सांगत होता, जणू लॉटरी लागली होती. "सगला मीठ गेला. पन बांद ऱ्हायला."

हर्षद भिंतीकडे आला. "बोल आता," तो म्हणाला.

प्रतिक्षाने आधी मांडीखालचे हात काढले. दोन्हींना मुंग्या आल्या होत्या.

"मला एक कबूल करायचंय," हर्षद म्हणाला. "हरला की दार बंद, हेच मी इतकी वर्षं खेळवलं. आज तो माणूस हरला आणि तिथून गोष्ट सुरू झाली. माझ्या पुस्तकांत असं कुठे लिहिलेलं नाय."

"पण मी किती वेळा सांगितलं ते तू मोजलं नसतंस," ती म्हणाली, "तर हे पुस्तकही झालं नसतं."

"ते तर हायच." हर्षदने तेवढा मान सोडला नाही. मग म्हणाला, "एक प्रत मला दे. नाय, पाच दे. पुढच्या रविवारी मी खेळवतो, तू खेळायला बस."

तेवढ्यात दिपिकाने हाक मारली. काळुराम पुस्तक हातात घेऊन चष्मा लावून पानं उलटत होता. बाजूच्या खोलीतल्या दोन बायका आणि एक निवृत्त फिटर खुर्च्या ओढून टेबलापाशी बसले होते, आणि जितेश त्यांना मुठी कशा उघडायच्या ते दाखवत होता, बरोबर, एकही चूक न करता.

"ताई," काळुराम म्हणाला, "हा तुमी लिवलाव?"

"हो."

"खारेपाटातल्या काय?"

"हो, दादा."

"वाटलाच," तो म्हणाला. "बसा ना मंग. आता तुमाला बोलायला परवानगी हाय का नाय?"

हर्षदने हात वर करून परवानगी दिली. प्रतिक्षाने खुर्ची पुढे ओढली. सव्वासहाची गाडी तिला सापडणार नव्हती, आणि त्याचं तिला काहीच वाटलं नाही. काळुरामने चिठ्ठ्या तिच्यापुढे धरल्या, तिने एक उचलली, आणि चार फासे मुठीत घेऊन ती पहिल्या उधाणाची वाट बघत बसली.